सवतीच्या कार्डावर

माझ्या आईच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हा सरकारच्या लेखी ते दुसऱ्याच एका बाईचं मोडलं. ती बाई ऐंशी वर्षांची होती, आमच्याच घरात राहत होती, आमच्याच शिधापत्रिकेवर जेवत होती, आणि मी जन्माला यायच्या दहा-अकरा वर्षं आधी वारली होती. हे सगळं एकाच वेळी खरं कसं, ते सांगतो. घाई करू नका. मलाही ते कळायला पाऊण वर्ष आणि बायकोच्या चार बांगड्या लागल्या.

माझ्या वडिलांची दोन लग्नं झाली. पहिली बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि बाळासकट तिथेच गेली. नऊ वर्षांनी वडिलांनी माझ्या आईशी लग्न केलं. दुसरेपणावर आलेल्या मुलीला पहिलीचंच नाव द्यायचं, अशी आमच्या घराण्यात रीत होती. तांदळाच्या ताटात नवरदेवाने अंगठीने नाव काढलं ते जुनंच. मंगळसूत्रात चांदीची चिमुकली पुतळी ओवली, ती पहिलीची. तिने रुसू नये, हे घर अजून आपलंच आहे असं तिला वाटावं, म्हणून. आई एकोणीस वर्षांची होती. पुतळी ओवताना सासूने कानात सांगितलं, "हिला घरातून काढू नकोस, ही तुला काढणार नाही." पहिलीला घरात सगळे थोरली म्हणत. मीही थोरलीच म्हणतो.

आता वडिलांचं काटकसरी डोकं बघा. शिधापत्रिकेवर थोरलीचं नाव होतं. ते कमी करायला वसईच्या कचेरीत एक खेप, नवं घालायला दुसरी. वडिलांनी कार्ड उघडून पाहिलं. बायकोचं नाव तेच, नातं तेच, साखरही तेवढीच. त्यांनी कार्ड मिटलं आणि फडताळात ठेवून दिलं.

कार्डावर थोरली वाढत राहिली. दर नव्या कार्डाला कारकून जुन्यावरून नावं उतरवी आणि मधली वर्षं मिळवी. ती चाळिशीची झाली, साठीची झाली. वडील वारले, तशी ती विधवा झाली. पुढे कार्ड संगणकात गेलं आणि घरातली सगळ्यात वयस्क बाई म्हणून तिला कुटुंबप्रमुख केलं गेलं. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. कार्डावर आईचं नाव दिसत होतं, तेवढं आम्हाला पुरे होतं. वयाचा आकडा कोण बघतो?

आमची वाडी सांडोरला. केळी, थोडी भाजी, आणि मधोमध बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं तळं. दुपारी जेवणं झाली की आई मागच्या पडवीत बसे आणि थोरलीशी बोले. आवाज न चढवता, भाजी निवडता निवडता, शेजारणीशी बोलावं तसं. मधे थांबे, ऐके, हसे. बायको लग्न होऊन नवीन आली तेव्हा पहिल्या आठवड्यात घाबरली. दुसऱ्या आठवड्यात मला म्हणाली, "आई त्यांच्याशी बोलतात तोवर मला काही बोलत नाहीत. चालू दे."

अशाच एका दुपारी आई बावखलाच्या पायरीवरून घसरली. पायऱ्या कोरड्या होत्या. मी धावत गेलो तर आई उताणी पडून केळीच्या पानांकडे बघत होती. "तिने हाक मारली म्हणून वळले," म्हणाली. (आई आमच्या वाडीतल्या बोलीत बोलते. ती जशीच्या तशी लिहिली तर तुम्हाला दुभाषा लागेल, म्हणून मी सरळ करून लिहितो.)

दवाखान्यात सरकारच्या मोफत उपचार योजनेची खिडकी होती. खिडकीवरच्या मुलीने कार्डाचा नंबर घातला, कळ दाबली आणि हसून म्हणाली, "काका, बसलंय योजनेत. एक पैसा लागणार नाही." मी खूश. तिने पुढे केलेल्या चार कागदांवर सह्या केल्या. त्यातल्या एकावर लिहिलं होतं की योजनेने पैसे नाकारले तर सगळं बिल मी भरीन. तो कागद मी वाचला. पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा कागद माणूस कसा वाचतो, तसा वाचला.

आईच्या मनगटावर पट्टी बांधली होती. नाव बरोबर, वय ऐंशी. मी नर्सला म्हटलं, "अहो, अडुसष्ट." ती म्हणाली, "कार्डावर जे आहे तेच येतं. नंतर दुरुस्त करून घ्या." आणि आईचा एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाली, "ऐंशीच्या मानाने हाडं छान आहेत हं आजींची!" आई त्या दुखण्यातही लाजली.

ऑपरेशन झालं. भूल उतरत होती. मी उशाशी उभा होतो. आईने डोळे उघडले, पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझा नाही मोडला. हिचा मोडलाय. मला कशाला बांधून ठेवलंय?"

तो आवाज आईचा नव्हता. आईचा आवाज वाडीत पाणी सोडताना हाका मारून मारून घोगरा झालेला आहे. हा पातळ होता, विशीतल्या मुलीचा, आणि त्याला घाई होती. नर्स म्हणाली, "भुलीत बोलतात असं." मी म्हटलं, "हो ना." आम्ही दोघंही मग जरा पलीकडे जाऊन उभे राहिलो.

आई घरी आली. तीन आठवड्यांनी, भर दुपारी, तिचा फोन वाजला. मी अंगणात केळीचे घड मोजत होतो, मला पडवी दिसत होती. आईने फोन कानाला लावला, ऐकलं आणि म्हणाली, "थांबा हं, देते." फोनचा मोठा आवाज चालू करून तिने तो समोरच्या रिकाम्या स्टुलावर ठेवला आणि वॉकर ढकलत आत गेली. दूध उतू जात होतं.

फोनमधून ध्वनिमुद्रित बाई बोलू लागली. नाव घेतलं. वय ऐंशी. आपल्यावर मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली आहे का? झाली असल्यास एक दाबा.

टिक् असा आवाज आला.

आपल्याकडून पैसे घेतले का? नसल्यास दोन दाबा.

टिक्.

आपण उपचारांबाबत समाधानी आहात का? मी हातातला घड खाली ठेवला. पडवीत कोणी नव्हतं. मांजर म्हणाल, तर ते माझ्या पायाशी होतं. तिसऱ्यांदा टिक् झालं, बाईने आभार मानले, फोन बंद झाला. मी जाऊन स्टुलावरचा फोन उचलला. काच थंड होती. दुपारच्या उन्हात पडलेली काच थंड असत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

"कोणाचा फोन होता?" मी आईला विचारलं.

"तिचा," आई म्हणाली. "सरकारचा."

यावर मी आठवडाभर गावात रंगवून रंगवून गोष्ट सांगितली. लोक हसले, मीही हसलो. मग दवाखान्याचं पत्र आलं. योजनेने दावा फेटाळला होता. बिल एक लाख शहाऐंशी हजार, आठ दिवसांत भरा, नाही तर वकिलामार्फत नोटीस. सोबत माझ्या सहीच्या कागदाची प्रत.

मी खिडकीवर गेलो. तीच मुलगी. आता हसत नव्हती. पडदा माझ्याकडे वळवून म्हणाली, "काका, कार्डवाल्या आजी वेगळ्या आणि ऑपरेशन झालेल्या आजी वेगळ्या. आधार कार्डावर अडुसष्ट, शिधापत्रिकेवर ऐंशी. बारा वर्षांचा फरक."

"अहो, ती चूक आहे. एकच बाई आहे."

"मलाही तसंच वाटलं होतं. पण ऐंशीवाल्या आजींनी स्वतः फोनवर उत्तरं दिलीत. एक, दोन, एक. हे बघा, नोंद आहे. म्हणजे त्या हयात आहेत. मग त्यांच्या कार्डावर बेडवर झोपलं कोण?"

मी पडद्यावरचे ते तीन आकडे पुन्हा एकदा वाचले. 

ती मुलगी वाईट नव्हती. तिने आवाज खाली केला. "असं करा. त्या आजी वारल्यात म्हणता ना? मग महिन्याभरात कार्डावरून त्यांचं नाव कमी करून आणा आणि तिथे तुमच्या आईचं नाव, आईचं वय घालून घ्या. मी अपील लावते. पैसे परत मिळतील. नाही तर राहिलं."

पैसे आधी भरावेच लागले. बायकोने बांगड्या काढल्या, मी बँकेत गहाण ठेवल्या. काढताना साबण लावावा लागला, वीस वर्षं हातातच होत्या त्या. ती काही रडली-बिडली नाही. फक्त म्हणाली, "अहो, सासवा दोन आणि बांगड्या एकटीच्या. हा कुठला न्याय?"

आता नाव कमी करायचं म्हणजे थोरली मेली हे दाखवायचं. मृत्यूचा दाखला नव्हता. त्या काळी बाळंतपणात गेलेल्या सुनेचा दाखला काढायला कोण जाणार? आमची शेजारीण ख्रिस्ती, आईची मैत्रीण. कुंपणावरून म्हणाली, "आमच्यात मेलं की फादर वहीत लिहून ठेवतात. माझ्या पणजीची पणजी कधी मेली तेही सांगते. तुमच्यात काय? धूर झाला, संपलं." पटलं. ग्रामपंचायतीच्या वह्यांत काही नव्हतं. थोरलीचं माहेर नालासोपाऱ्याकडचं. मी तिथे गेलो. जिथे वाडी होती तिथे आता इमारतींच्या रांगा, एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत मीठ मागावं इतक्या जवळ.

दाखला नसेल तर दोन साक्षीदारांचा जबाब चालतो, असं कचेरीत कळलं. मयताला मेलेलं पाहिलेले साक्षीदार. मी मोजायला बसलो. वडील गेले, आजी गेली, सुईण गेली. संबंध वसई तालुक्यात थोरली मेली असं शपथेवर सांगेल असा एकही माणूस जिवंत नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं. ते ध्यानात आलं तेव्हा मी जेवत होतो आणि घास हातातच राहिला. कारण मग तिला मेलेली म्हणायचं तरी कशावरून?

शेवटी तिचा धाकटा भाऊ सापडला. विरारला मनवेलपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, सदुसष्ट वर्षांचा, रिटायर झालेला. नात्याने माझा मामाच. पण थोरली गेल्यावर वडिलांनी तिकडचं जाणंयेणं तोडलं होतं, तेव्हा मी मामाला पहिल्यांदा पाहत होतो. मी सगळं सांगितलं. फोनची गोष्टही, अगदी टिक्-सकट. मामा हसले नाहीत.

"म्हणजे कागदावर ती जिवंत आहे?"

"हो ना. तीच तर भानगड."

"ऐंशी वर्षांची?"

"ऐंशी."

मामा उठून खिडकीशी गेले. "भाच्या, ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा. मला वाडीत पाठवलेलं. परत आलो तर तिला घेऊन गेले होते. मी तिचं तोंड पाहिलं नाही. आता तू म्हणतोस ती सरकारात अजून आहे. मग मी कशाला मारू तिला? माझ्या सहीने?"

मी बांगड्यांचं सांगितलं. हात जोडले. मामा म्हणाले, "चहा घे." सही मिळाली नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती पडवीत बसली होती. आतापर्यंत तिने या प्रकरणात एक शब्द काढला नव्हता, कारण सासूने कानात सांगितलेला बोल ती एकोणपन्नास वर्षं धरून होती. थोरलीचं नाव घरातून काढायचं म्हणजे तो बोल मोडायचा. तिने माझ्या बायकोच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या तिला विचारते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम पडवीच्या दाराआड उभा राहिलो. वारा पडला होता. केळीचं एकही पान हलत नव्हतं. आईने भाजीची टोपली बाजूला सारली. मग एकदम म्हणाली, "सून आपल्या दोघींची आहे ग."  बावखलात काहीतरी बुडाल्यासारखा एकच आवाज झाला. आई वॉकर धरून उठली आणि दाराआड माझ्याकडे न बघताच म्हणाली, "भावाला घेऊन ये म्हणाली. कचेरीत."

मी पुन्हा मनवेलपाड्याला गेलो. मामा म्हणाले, "येतो. पण नुसता तुझ्या आईला बघायला. सही मागू नकोस."

कचेरीत आई बाकावर बसली होती. मामा समोर येऊन उभे राहिले. काय हाक मारावी ते त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "ताई." आईने शेजारी बसायला जागा केली.

कारकून तरुण होता, बरा होता, घाईत होता. "साक्षीदार कोण?"

"मी," आई म्हणाली.

"आजी, तुम्ही तर नंतर आलात ना घरात? त्यांना मेलेलं कसं पाहणार तुम्ही?"

"मी तिला मेलेलीच पाहिली आहे, बाळा. जिवंत कधीच नाही पाहिली."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तो म्हणाला, "म्हणजे?"

"रोज दुपारी येते."

"आजी, येते म्हणजे जिवंत आहे ना?"

"तू काय मला खुळी समजतोस? जिवंत असती तर मी आले असते का त्या घरात?"

मागे रांगेत कोणीतरी हसलं. कारकुनाने कपाळ पुसलं आणि फॉर्म पुढे ओढला. "बरं. कुठे, कशाने, किती वाजता? काही सांगता येईल?"

आणि माझ्या आईने सांगितलं. दवाखान्यातला तो पातळ आवाज नव्हता, तिचा स्वतःचा घोगराच होता. माहेरच्या घरी, मागच्या खोलीत. उन्हाळा होता, सूर्य डोक्यावर. दोन दिवस अडलेली. तहान तहान करत होती, पाणी देत नव्हते. तिने भावाला हळूच जवळ बोलावलं आणि सांगितलं, कोणाला न सांगता वाडीतून एक शहाळं काढून आण. तो गेला. पहिल्या माडावर चढवेना, म्हणून लांबच्या ठेंगण्या माडाकडे गेला.

मामांनी बाकाची कड धरली होती.

"शहाळं घेऊन आला तेव्हा अंगणात माणसं होती," आई म्हणाली. "त्याने ते विहिरीमागे टाकून दिलं आणि कोणाला सांगितलं नाही." मग ती मामांकडे वळली. "उशीर तुला नव्हता झाला, भाऊ. तिलाच घाई होती. ती सांगते तसं."

तुम्ही म्हणाल, वडिलांकडून ऐकलं असेल. वडिलांना निरोप दुसऱ्या दिवशी पोचला होता. आणि शहाळ्याचं मामांनी आयुष्यात कोणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी त्यांनी कारकुनासमोरचं पेन उचललं आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी सही केली. मोठी, सावकाश, शाळेतल्यासारखी. मग आईने केली.

कारकुनाने चार-पाच कळा दाबल्या. नाव गेलं, नाव आलं. पडद्याकडे डोळे बारीक करून बघत तो म्हणाला, "झालं, आजी. बारा वर्षांनी लहान झालात." आई हसली नाही. तिने पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "चल. इथे फार मोकळं मोकळं वाटतंय."

अपील मंजूर व्हायला चार महिने गेले. योजनेने दवाखान्याला पैसे दिले, दवाखान्याने मला. काही हजार कसल्याशा खर्चाचे म्हणून कापून घेतले, ते मी सोडून दिले. बांगड्या घरी आल्या. बायकोने त्या घातल्या आणि दिवसभर उगाच भांडी घासत राहिली, वाजाव्यात म्हणून.

आई मात्र दुपारची गप्प झाली. पडवीत बसायची, भाजी निवडायची, समोरच्या स्टुलाकडे बघायची नाही. बोल मोडल्यावर माणूस जसं बसतं तशी. मी गमती सांगून पाहिल्या. ती "हं" म्हणायची. मला वाटलं, बांगड्या आणल्या खऱ्या, पण आईचं काहीतरी बँकेत ठेवून आलो, आणि त्याची पावतीसुद्धा आपल्याकडे नाही.

मग गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. दुपारचे साडेबारा-एक. आवाज अगदी खालचा, शेजारच्या खोलीत कोणी निजलं असावं तसा.

"भाच्या, आईला सांग, काळजी करू नकोस म्हणावं."

"काय झालं, मामा?"

"काही नाही. इकडे आली आहे. चार दिवस झाले. खिडकीशी बसते. बोलत नाही अजून, पण बसते. मामीला सांगितलेलं नाही, ती दुपारी मालिका बघते."

 मी पडवीत जाऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. आईच्या हातात वालाची शेंग होती. तिने ती सोलली, दाणे काढले, टरफल बाजूला टाकलं आणि कित्येक दिवसांनी तोंडभर हसली.

"माहेरी गेली होय," म्हणाली. "मग भावाला म्हणावं, विचार तिला, किती दिवस राहणार आहे?"